इंग्रजी क्रियापद आणि घरची मराठी

इंग्रजी शिकणाऱ्या मुलामुलींस शब्द पाठ होतात, उच्चारही साधतात. परंतु क्रियापदापाशीं आलें कीं गाडें अडतें. याचें कारण बुद्धिमांद्य नव्हे. मराठींत आपण काळ कसा योजतों, याकडेच त्यांचें लक्ष गेलेलें नसतें. म्हणून इंग्रजी काळांचा अभ्यास घरीं करावयाचा तर आरंभ मराठीपासून करावा, असें पुष्कळ वर्षांच्या अध्यापनानंतर आमचें मत झालें आहे.

"मीं त्याला काल पत्र लिहिलें आहे" हें मराठी वाक्य निर्दोष होय. इंग्रजींत मात्र 'काल' आणि 'आहे' एका पंक्तीस बसत नाहींत. 'हॅव रिटन' या रूपानें झालेल्या क्रियेचा आजशीं संबंध सांगावयाचा असतो. ती केव्हां घडली तें सांगितलें कीं साधा 'रोट' हवा. संस्कृताचा परिचय असलेल्या घरांत हा भेद समजाविणें कठीण नाहीं. पाणिनीनेंही सामान्य भूतकाळास लुङ्, आजच्या पूर्वींच्या भूतकाळास लङ् आणि आपण न पाहिलेल्या भूतकाळास लिट् असे निरनिराळे लकार सांगितले आहेत. हे भेद इंग्रजीशीं तंतोतंत जुळत नाहींत. परंतु गत गोष्टीकडे प्रत्येक भाषा आपापल्या स्थानावरून पाहते, हें पटलें म्हणजे घोकंपट्टीचें काम निम्मे होतें.

उलटही घडतें. "मी दहा वर्षें पुण्यांत राहतों" येथें मराठीस वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीस 'हॅव लिव्ह्‌ड' लागतें. स्वयंपाकघरांतून हांक आली असतां आपण "आलोंच!" म्हणतों, तें रूपानें भूतकाळीं, अर्थानें भविष्यकाळीं. तेथें "आय केम" म्हटल्यास हांक मारणारा बुचकळ्यांत पडेल; "आय अ‍ॅम कमिंग" हेंच योग्य.

वाक्प्रचारांचीही हीच गोष्ट. आपला विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजीच्या 'टेक' प्रमाणें तो ती घेतो! संस्कृतांत गम् धातूस उपसर्ग लागून आगमन, निर्गमन, अनुगमन असे अर्थ फिरतात. इंग्रजींत तें काम क्रियापदामागून येणारा लहानसा शब्द करतो: 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणें, 'लुक फॉर' म्हणजे शोधणें, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणें. असे शब्द जोडीनेंच पाठ करावे.

मराठीवरून इंग्रजीकडे जाण्याची ही वाट नवी नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें अनेक पिढ्यांस तीच दाखविली. त्याहूनही बोलकें उदाहरण आपल्या पुण्याचेंच आहे. महादेव गोविंद रानडे यांचा रमाबाईंशीं विवाह १८७३ सालीं झाला, तेव्हां त्या अवघ्या अकरा वर्षांच्या असून निरक्षर होत्या. रानड्यांनीं त्यांस घरींच आधीं मराठी व मग इंग्रजी शिकविली. घरांतील वडील बायकांस तें रुचलें नाहीं. त्यांचे टोमणे सोसून रमाबाईंनीं अभ्यास चालविला. ही हकीकत त्यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. हुजूरपागेंत मुलींचें हायस्कूल १८८४ सालीं निघालें. त्यापूर्वींच हा घरचा वर्ग सुरू झाला होता.

आज घरांतील विरोध मावळला, पण दुसरेंच संकट उभें आहे. मुलास इंग्रजी लवकर यावी म्हणून कित्येक घरांत त्याच्याशीं मराठी बोलणेंच टाळतात. मग आजीनें विचारलें तर नातू कळेल न कळेल असें उत्तर देतो, आणि हळूहळू आजीच बोलेनाशी होते. इतकें करून मुलाचीं इंग्रजी क्रियापदें सुधारतात असेंही नाहीं, कारण तुलनेस हातीं कांहींच उरत नाहीं.

यावर सोपा उपाय सुचवितों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजीनें दिवसभरांतील एखादी गोष्ट मराठींत सांगावी. मुलांनीं तीन प्रश्न विचारावे: क्रिया संपली काय? वेळ सांगितली आहे काय? तिचा आजशीं संबंध सांगावयाचा आहे काय? मग इंग्रजी वाक्य करावें. रोज पांच वाक्यें पुरेत. वर्षअखेर मुलांचे काळ सुधारतील, आणि आजीचें बोलणेंही घरांत ऐकूं येत राहील.