मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नका

स्वच्छ काचेतून उजेड सरळ आरपार जातो. दुधी काचेतूनही तो येतो, पण विखुरतो. पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. मोतीबिंदूत डोळ्याचे हेच होते.

बुबुळामागचे भिंग पाणी व प्रथिनांचे बनलेले, पारदर्शक असते. अंड्यातील कच्चा पांढरा भाग पारदर्शक असतो. उकडल्यावर त्यातील प्रथिनांच्या गुठळ्या होतात व तो पांढराशुभ्र दिसतो. वयोमानाने भिंगातही हळूहळू अशाच गुठळ्या होतात. मग रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरून दिसतो, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. मधुमेह्यांत हे लवकर घडते.

“सोयाबीनची सोंगणी होऊ द्या, मोती पिकू द्या,” असे आपल्याकडील अनेक आजी-आजोबा म्हणतात. जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळात तसे थांबत असत. आज गरज नाही. उलट, फार पिकलेले भिंग फुगले तर डोळ्यातील दाब वाढतो. त्याने नस खराब झाली, तर गेलेली नजर परत येत नाही.

थेंब, मध, सुरमा यांनी गढूळ भिंग स्वच्छ होत नाही. ते काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय. लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली असे पहिले भिंग बसवले.

१९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. अचानक डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.