गावचा पैसा आणि गावची सभा

ठाणे जिल्ह्यातील रबाळे हे पूर्वी ठाण्याच्या खाडीलगतच्या पट्ट्यातील एक खेडे होते. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला व ते शहराचा भाग बनले. महानगरपालिकेत खर्चाचे अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात. स्थायी समितीकडून ते महासभेपुढे जाते. रहिवाशांचे म्हणणे तेथे मांडावयाचे ते नगरसेवकांनी. ग्रामपंचायतीच्या गावात मात्र प्रत्येक मतदारास निधीविषयी स्वतः उभे राहून बोलता येते.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती आवश्यक असते. ती न झाल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नाही. अर्थात, बहुसंख्य लोक घरी राहिले तरी निर्णय थांबत नाही. तो मोजके लोक घेतात. शाळेची गळकी खोली आधी, की चावडीची रंगरंगोटी, हा क्रम तेथेच ठरतो.

यास्तव सभेची तारीख शिक्षकांनी फळ्यावर लिहावी व मुलांकरवी घरोघर कळवावी. ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिलांच्या सभेचीही वर्दी मातांना द्यावी. वरच्या वर्गांत पंचायतीच्या जमाखर्चावर उदाहरणे घालावीत. ज्या घरचे मूल “सभेत काय ठरले?” असे विचारते, त्या घरात नागरिकशास्त्राचा पाठ पोहोचला असे समजावे.