फुप्फुसांचे आजार आणि व्यायाम (भाग ६) : चालताना ऑक्सिजन कुणाला?

मागच्या भागात सहा मिनिटं चालण्याची चाचणी पाहिली. त्या चाचणीत ऑक्सिमीटरचा आकडा नव्वदच्या खाली उतरला की सीओपीडीच्या रुग्णाच्या घरचे हटकून विचारतात, ‘मग व्यायाम करताना ऑक्सिजन लावायला हवा ना?’ २०२१ मध्ये घेतलेली कॉन्सन्ट्रेटर मशीन अनेक घरांत पडून आहेत, त्यामुळे हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिलेला नाही.

सीओपीडीत खरी अडचण श्वास बाहेर टाकण्याची असते. श्वासाची घाई झाली की आतली हवा पुरती बाहेर पडण्याआधीच नवी आत येते, छाती फुगत जाते आणि धाप लागते. जादा ऑक्सिजन मिळाला की श्वास संथ होतो, उच्छ्वासाला वेळ मिळतो. म्हणूनच चाचणीच्या वेळी ऑक्सिजन लावलेला रुग्ण सायकलवर जास्त टिकतो.

पण त्या दिवशी टिकणं वेगळं आणि काही आठवड्यांत अंगात ताकद येणं वेगळं. ऑस्ट्रेलियात जेनिफर ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सीओपीडीचे १११ रुग्ण, सगळ्यांचा ऑक्सिजन चालताना ९० टक्क्यांखाली जाणारा. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, ट्रेडमिल आणि सायकल. प्रत्येकाच्या नाकाला नळी, मिनिटाला पाच लिटरचा प्रवाह. एका गटाच्या नळीतून ऑक्सिजन, दुसऱ्याच्या नळीतून साधी हवा. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि व्यायाम करून घेणाऱ्यालाही. दोन्ही गटांची चालण्याची क्षमता वाढली, रोजचं जगणं सुसह्य झालं, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मला यातला साध्या हवेचा गट फार मोलाचा वाटतो. मशीन परवडत नाही म्हणून व्यायामालाच रामराम ठोकणाऱ्या रुग्णापर्यंत ही गोष्ट पोचायलाच हवी. अर्थात, ही माणसं जाणकारांच्या देखरेखीखाली व्यायाम करत होती, हेही त्याला सांगायला हवं.

हा निष्कर्ष सरसकट लावू नये. बसल्या जागीही ज्यांचा ऑक्सिजन फार कमी असतो, त्यांना तो दिवसाला किमान पंधरा तास लागतो आणि व्यायामातही नळी काढायची नसते. फुप्फुसं कडक होत जाणाऱ्या आजारांचं गणितही निराळं आहे. ब्रिटनमध्ये अशा ८४ रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिंडता-फिरताना ऑक्सिजन घेतल्याने जगण्याची प्रत सुधारली होती.

प्रवाह किती ठेवायचा, हे रुग्णाला चालवून पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं. धाप लागली की घरच्यांनी नॉब वाढवत नेला, तर सीओपीडीच्या काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. डोकं जड होणं, गुंगी येणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं. आणि नळी लावलेली असताना जवळपास गॅसची शेगडी, निरांजन, उदबत्ती, विडी, काहीही पेटतं नको.