मासे पाळावयाचे, तर साधनें कोणतीं?

शिरूरच्या घोड नदींतील किंवा दौंडच्या भीमेंतील माशाची घाण प्रवाह वाहून नेतो. घरांतील कांचेच्या पेटींत प्रवाह नाहीं. तेथें नदीचें काम आपणांस करावें लागतें. घरचा मासा उपासानें क्वचित् मरतो. बहुधा पाणी बिघडल्यानें मरतो.

प्रथम पेटी. अरुंद तोंडाची गोल हंडी दिसावयास सुंदर. पण तिच्यांत पाण्यास हवा थोडी मिळते. लहान माशांसाठीं निदान ६० लिटरांची लांबट पेटी घ्यावी व ती मजबूत मेजावर ठेवावी. कारण नुसतें पाणीच ६० किलो भरतें.

दुसरें साधन गाळणी. दुकानांत तिला फिल्टर म्हणतात. विष्ठा व उरलेलें अन्न यांपासून अमोनिया हें विष होतें. गाळणीच्या स्पंजांत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचें नायट्राइट व पुढें सौम्य नायट्रेट करितात. हे जंतू जमण्यास चार-सहा आठवडे लागतात. तोंवर मासे थोडेच असावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मासे व जंतू या दोहोंस घातक. म्हणून नव्या पाण्यांत क्लोरीननाशक औषध घालावें आणि स्पंज पेटींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा.

तिसरें साधन हीटर. उष्ण प्रदेशांतील बहुतेक शोभेच्या माशांस २४ ते २६ अंश उष्णता मानवते. आपल्याकडे पौषांत रात्रीं पाणी गार पडतें. म्हणून आपोआप बंद होणारा हीटर व उष्णतामापक असावा. सोनमाशास हीटर नको, पण त्याची घाण अधिक. त्याला पेटी मोठी हवी. वीज जाते तेव्हांसाठीं बॅटरीवरील हवेचा पंप जवळ ठेवावा.

बालमित्रांनो, मासा ओरडून आपलें दुःख सांगत नाहीं. या मुक्या जीवाची राखण देवानें आपणांवर सोंपविली आहे. म्हणून आधीं साधनें, मग मासे.