तिळगूळ, साडेतीनशे माणसं आणि एक बंद व्हॉल्व्ह

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाने स्वतःची वास्तू घेतली तेव्हा मला बिल्डिंग कमिटीवर घेतलं गेलं ते एकाच कारणासाठी. "तुम्ही इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलीय ना? मग हे सगळं तुम्हीच बघा." माझी डॉक्टरेट पाइपमधून वाहणाऱ्या द्रवांच्या गणितातली, आणि गेली सोळा-सतरा वर्षं पोट भरतं ते सॉफ्टवेअरवर. पण मंडळात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. ज्याला गळका नळ दुरुस्त करता येत नाही, त्याच्या हाती आम्ही वीस हजार चौरस फुटांचं एक जुनं गोदाम सोपवलं.

त्या गोदामाच्या छताला लाल पाइपांचं जाळं होतं आणि त्याला दर दहा-बारा फुटांवर पितळेची छोटी तोंडं. आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात, मॉलमध्ये, हॉटेलात ही तोंडं डोक्यावर असतात आणि आपण त्यांच्याकडे कधी वर मान करून पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं. ते पाहायला मला एका फेब्रुवारीतल्या सकाळी लागलं. त्याआधी हे यंत्र चालतं कसं ते सांगतो, कारण त्याबद्दल आपल्या मनात जे चित्र आहे ते सिनेमातलं आहे आणि साफ चुकीचं आहे.

सिनेमात नायक लायटर वर धरतो आणि सगळ्या इमारतीत एकदम पाऊस पडतो. प्रत्यक्षात प्रत्येक स्प्रिंकलर आपापला स्वतंत्र असतो. पाइपात पाणी दाबाखाली भरलेलं असतं आणि तोंडाशी एक बूच असतं. ते बूच जागेवर धरून ठेवते एक काचेची कुपी, करंगळीच्या नखापेक्षा थोडी लांब. कुपीत ग्लिसरीनसारखा द्रव आणि हवेचा एक इवलासा बुडबुडा. उष्णतेने द्रव फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि काच तडकते. बूच उडतं, पाणी खालच्या दातेरी चकतीवर आपटतं आणि छत्रीसारखं पसरतं. वीज नको, सेन्सर नको, कॉम्प्युटर नको. सॉफ्टवेअरवाल्याला मत्सर वाटावा इतकं साधं!

द्रवाचा रंग पाहिला की कुपी किती तापमानाला फुटेल ते कळतं. केशरी ५७ अंश सेल्सिअसला, लाल ६८ ला, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. ऑफिसात बहुधा लाल दिसते. म्हणजे हे उष्णतेचं काम आहे, धुराचं नव्हे. फोडणीच्या धुराने स्मोक डिटेक्टर कोकलतो, स्प्रिंकलरला त्याचं काही नसतं. "हळदीकुंकवाला कुणी उदबत्त्या जास्त लावल्या तर सगळ्यांच्या पैठण्या भिजतील" ही भीती आमच्या सभेत एका वहिनींनी गंभीरपणे मांडली होती. त्यांची पैठणी सुरक्षित आहे.

आणि आग लागलीच तर बहुतेक वेळा तिच्या डोक्यावरचे एक-दोन स्प्रिंकलरच उघडतात. एकातून मिनिटाला साधारण पंधरा ते पंचवीस गॅलन पाणी येतं. अग्निशामक दलाच्या मोठ्या होजमधून येतं त्याच्या दहापट किंवा अधिक. पाण्याने नुकसान होतं हे खरं, पण नुकसान कशाने जास्त होतं याचा हिशेब सोपा आहे.

ही कल्पना जुनी आहे. न्यू हेवनच्या हेन्री पार्मली यांनी १८७४ साली आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी स्वयंचलित स्प्रिंकलर बनवला, आणि पुढच्या दशकात फ्रेडरिक ग्रिनेल यांनी तो सुधारून सर्वत्र नेला. निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या मापांचे पाइप घातले जाऊ लागले तेव्हा एकच नियम असावा म्हणून मंडळी एकत्र आली, आणि त्यातून १८९६ मध्ये नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन जन्माला आली. तरीही न्यू यॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ कामगार गेले. त्यातल्या बहुतेक तरुण स्थलांतरित मुली होत्या. त्या इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. तंत्र उपलब्ध होतं, बसवलेलं नव्हतं.

आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर फिलाडेल्फियात झालेली गोष्ट मला त्याहून जास्त शिकवून जाते. वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत. २३ फेब्रुवारी १९९१ च्या शनिवारी रात्री बाविसाव्या मजल्यावर आग लागली. लाकूडकामाला लावलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या तिथे पडल्या होत्या. अशा चिंध्या आपोआप तापतात आणि पेटतात. वीज गेली. वर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह होते, ते चुकीचे लावलेले, त्यामुळे होजला पुरेसा जोर येईना. तीन अग्निशामक जवान गेले. इमारत कोसळेल या भीतीने शेवटी सगळ्यांना बाहेर काढलं गेलं आणि आग एकेक मजला खात वर गेली. तिसाव्या मजल्यावर मात्र ती थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर बसवलेले होते. आठ मजले जाळून आलेली आग दहा स्प्रिंकलरनी अडवली.

यात दोन्ही बाजू आहेत. चालू स्थितीतली यंत्रणा काय करते तेही दिसतं, आणि बसवलेलं पण नीट न लावलेलं उपकरण किती घात करतं तेही.

आता आमची गोष्ट. नाताळच्या आठवड्यात हॉल बंद होता. कुणीतरी पैसे वाचवायला हीटिंग अगदी कमी करून गेलं. दाराजवळच्या छतात एक पाइप गोठला, सांधा उकलला आणि पाणी ठिबकायला लागलं. आमचे एक ज्येष्ठ काका जवळच राहतात, चावी त्यांच्याकडे. ते धावले, मागच्या खोलीतला मोठा व्हॉल्व्ह बंद केला, पाइप रिकामे केले, प्लंबर बोलावला. प्लंबरने सांधा जोडला, बिल दिलं आणि गेला. काकांना वाटलं, त्याने व्हॉल्व्ह उघडला असेल. त्याला वाटलं, काका उघडतील.

व्हॉल्व्हवर एक स्विच असतो. व्हॉल्व्ह बंद झाला की फायर पॅनेलवर पिवळा दिवा लागतो, बारीक आवाज होतो आणि देखरेखीच्या कंपनीला संदेश जातो. सगळं झालं. कंपनीने फोनही केला. पण त्यांच्याकडे नंबर होता तो आमच्या मागच्या कार्यकारिणीतल्या खजिनदारांचा, आणि ते टेक्ससला राहायला गेले होते. आवाजाचं म्हणाल तर संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या तालमीला कुणीतरी पॅनेलवरचं बटण दाबून तो गप्प केला. तबल्याच्या साथीला पीं-पीं नको म्हणून.

त्या कार्यक्रमाला साडेतीनशे माणसं होती. स्टेजला कापडी पडदे, मागे थर्मोकोलची गुढी आणि पतंग, स्वयंपाकघरात मोठ्या शेगडीवर गुळाचा पाक, आणि नाटुकल्यात काम करणारी चाळीस मुलं पडद्यामागच्या अरुंद जागेत. त्यात माझी मुलगी. डोक्यावरचे पाइप कोरडे होते आणि आम्हां कुणालाही ते माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत वार्षिक तपासणीसाठी माणूस आला. साठीचा, शांत, हातात टॉर्च. मागच्या खोलीत शिरताच तो थबकला. तिथल्या व्हॉल्व्हचा आटे असलेला दांडा उघडा असताना चाकातून बाहेर डोकावतो, बंद असताना आत जातो. पाच पावलांवरून कळतं. शेजारी दोन दाबमापक: खालच्याचा काटा पासष्ट पौंडांवर, वरच्याचा शून्यावर. त्याने माझ्याकडे पाहून फक्त एवढंच विचारलं, "हे कधीपासून?"

मी काकांना फोन केला. "काका, तो व्हॉल्व्ह कुणी बंद केला होता?"

"अरे मीच," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "म्हणजे संक्रांतीला..."

"हो."

काकांना दोष द्यायला माझी जीभ धजावत नाही. पाणी पाहून त्यांनी जे केलं ते बरोबरच केलं. चूक होती ती आमच्याकडे कागद नसण्याची. स्प्रिंकलर निकामी ठरतात तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा कारण एकच असतं, कुणीतरी पाणी बंद केलेलं असतं. काच फुटत नाही, पाइप बुजतो, ही कारणं नंतरची. म्हणून तर देखभालीचा वेगळा नियमग्रंथ, एनएफपीए २५, १९९२ मध्ये निघाला. त्याप्रमाणे यंत्रणा बंद करताना व्हॉल्व्हवर खुणेची चिठ्ठी लावायची, अग्निशामक दलाला आणि विमा कंपनीला कळवायचं. बंद अवस्था दिवसभरात दहा तासांच्या वर जाणार असेल तर इमारत रिकामी ठेवायची, नाहीतर फक्त आगीवर नजर ठेवायला माणूस फिरता ठेवायचा. आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्यावर मुख्य निचऱ्याची चाचणी करायची.

ही चाचणी मला फार आवडली. मोठा निचरा पूर्ण उघडायचा, पाणी बाहेर धो धो सोडायचं आणि वाहत्या पाण्याचा दाब नोंदवायचा. नुसता स्थिर दाब फसवा असतो. व्हॉल्व्ह अर्धवट बंद असला तरी पाणी उभं असताना काटा पूर्ण दाब दाखवतो, वाहायला लागलं की खरं कळतं. मागच्या वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहिलं की रस्त्याखालच्या पाइपात काही अडलंय का तेही समजतं. म्हणून जुन्या नोंदी फेकायच्या नाहीत. आमच्या नोंदी एका बिस्किटांच्या डब्यात सापडल्या.

त्या दिवशी त्याने आणखी बरंच काढलं. श्रमदानात आम्ही छत रंगवलं होतं, त्यात अकरा स्प्रिंकलरही पांढरे झाले होते. रंगाने कुपी उशिरा तापते, चकती चिकटते. खरवडून चालत नाही, बदलावेच लागतात. एकाला गणपतीच्या मखराची नायलॉनची दोरी बांधलेली होती. कोठीत मखराची खोकी छतापर्यंत रचलेली होती. स्प्रिंकलरच्या चकतीखाली अठरा इंच मोकळे हवेत, नाहीतर पाण्याची छत्री उघडायला जागाच राहत नाही.

मी माझं ज्ञान पाजळायला विचारलं, इतकं काळं वास मारणारं पाणी पाइपात वर्षानुवर्षं ठेवण्यापेक्षा दर महिन्याला बदललं तर? तो हसला. शिळं पाणीच बरं, म्हणाला. त्यातला ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो, त्यामुळे गंज मंदावतो. नवं पाणी भरलंत की नवा ऑक्सिजन आणि नवा गंज. डॉक्टरेट द्रवांची, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सर्वसाधारण सभेत प्रश्न आलाच: "कधीच न वापरलेल्या वस्तूच्या तपासणीवर दरवर्षी पैसे कशाला?" मी १९९८ चं उदाहरण दिलं. तेव्हा अमेरिकेत एकाच बनावटीचे सुमारे ८४ लाख स्प्रिंकलर परत मागवावे लागले, कारण आतली रबरी कडी चिकटून ते उघडतच नसत. छतावर टांगलेले असताना ते उत्तम दिसत होते. ज्यांचे पुण्या-मुंबईत फ्लॅट आहेत त्यांना हेही सांगितलं की महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना एकदा विचारून पाहा. ठराव मंजूर झाला, दोन विरुद्ध.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मराठी शाळा सुटली की काका आणि मी मागच्या खोलीत जातो. दांडा बाहेर आहे ना, साखळीला कुलूप आहे ना, दोन्ही काटे जिथे हवेत तिथे आहेत ना, पॅनेलवर पिवळा दिवा नाही ना. देखरेखीच्या कंपनीकडे आता तीन नंबर आहेत आणि कार्यकारिणी बदलली की ते बदलायचं काम सचिवांच्या यादीत पहिलं आहे. काका वहीत तारीख लिहितात, खाली सही करतात, आणि मग मला वही देऊन म्हणतात, "तूही कर."