घाटातल्या जीपचं स्टेअरिंग

जव्हारला कोणत्याही बाजूने या, विक्रमगडकडून चढून किंवा त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाट उतरून मोखाड्यामार्गे, वळणं चुकत नाहीत. या रस्त्यांवर माणसं, भाताची पोती, बाळंतपणाला निघालेल्या बाया असं सगळं ज्या गाडीने वाहिलं ती जीप. तिच्या स्टेअरिंगचा पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा प्रवास आज जुनी जीप जपणाऱ्याने आवर्जून पाहावा असा आहे.

महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली १९४७ साली. जीपची घडण मात्र दुसऱ्या महायुद्धातली होती. रॉस पद्धतीच्या कॅम-लिव्हर बॉक्समधून निघालेला ड्रॅग लिंक पुढच्या अ‍ॅक्सलजवळचा बेलक्रँक हलवायचा आणि तिथून दोन टाय रॉड चाकांपर्यंत जायचे. हलक्या गाडीला ते पुरेसं होतं. पण सांधे फार. प्रत्येक सांध्यात थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, आला, बेलक्रँकची पिन झिजली, की सगळ्याची बेरीज ड्रायव्हरच्या हातात यायची. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी क्षणभर सरळच जायची, आणि घाटात तो क्षण महाग पडतो.

१९७९मध्ये महिंद्रांचा प्यूजोशी करार झाला आणि पुढे जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन आलं. डिझेल परवडायचं, पण पुढचा भार वाढून उभ्या गाडीचं स्टेअरिंग जड झालं. प्रवासी जीपची मागची बाजू खच्चून भरली की उलटं व्हायचं: पुढची चाकं हलकी पडायची आणि गाडी चढावर भरकटायची.

अमेरिकेत जीपने १९७२ सालीच रॉस बॉक्स सोडून सॅगिनॉचा बॉक्स घेतला होता. त्यात वर्म आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात. घासण्याऐवजी लोळणं आल्याने झीज आणि जोर दोन्ही कमी होतात. पॉवर स्टेअरिंग तर त्याहून जुनं. फ्रान्सिस डेव्हिस यांनी ते १९२६मध्ये चालवून दाखवलं आणि १९५१च्या क्रायस्लर इम्पीरियलमधून ते बाजारात आलं. आपल्याकडे बोलेरो २००० साली आली, थार २०१०मध्ये; अशा गाड्यांमुळे पॉवर स्टेअरिंगचे बॉक्स आणि पंप गॅरेजवाल्यांच्या हाताशी आले आणि जुन्या जीपवर चढू लागले.

या बदलाने खूप दिलं. खांदे भरून येणं थांबलं, अरुंद वळणावर गाडी मागेपुढे घेणं सोपं झालं. पण पॉवर स्टेअरिंग प्ले काढत नाही, झाकतं. किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट झिजलेले असताना पंप बसवला, तर गाडी हलकी वाटते आणि तितकीच बेभरवशाची राहते. नव्या बॉक्सचा सगळा जोर चॅसीवर येतो. ब्रॅकेट कच्चं असेल तर तिथे तडा जातो. ड्रॅग लिंकचा कोन चुकला की खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप ओढतं. आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची जुनी सवय आता सोडलीच पाहिजे. तशी ती आधीही धोक्याचीच होती. आता इंजिन थांबलं की पंपही थांबतो आणि ऐन वळणावर स्टेअरिंग एकदम जड होतं.

२०२१मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली, ती मूळ रूपातल्या गाड्यांसाठी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेल्यांसाठी नाही. म्हणून चॅसी कापण्याआधी मालकाने थांबावं.

माझं मत स्पष्ट आहे. आधी किंगपिन, बेलक्रँक आणि टाय रॉडचे जॉइंट नवे करा, मग अलाइनमेंट, मग बॉक्सची दुरुस्ती. एवढ्याने जीप हाताला नेमकं उत्तर देऊ लागते. त्यानंतरही वय किंवा रोजचा घाट यांसाठी पॉवर लागली, तर खुशाल बसवा. हलकेपणा सोयीचा आहे, पण तोरंगणच्या उतारावर जीव वाचवतो तो नेमकेपणा.