बातमीवरचा विश्वास कशाने टिकतो?

ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२४ साली ४७ देशांत केलेल्या पाहणीत बहुतेक बातम्यांवर विश्वास ठेवणारे सरासरी ४० टक्के निघाले. फिनलंडमध्ये मात्र ६९ टक्के. तिथे पत्रकार आणि प्रकाशक यांनीच १९६८पासून चालवलेली माध्यम परिषद आहे. कोणीही वाचक तिच्याकडे तक्रार करू शकतो आणि ठपका बसलाच, तर तो निकाल त्या वृत्तपत्राला स्वतः छापावा लागतो. चुका अशा चव्हाट्यावर आणल्या तर विश्वास उडेल, असा आक्षेप घेतला जातो. पण झाकलेली चूक उघडी पडली, की खऱ्या बातम्यांवरही संशय येतो. एकट्या परिषदेला श्रेय देता येणार नाही, हे खरेच. तरीही संशोधकांनी विश्वास किती एवढेच न मोजता, तो ठेवण्याजोगे कारण वाचकाला मिळते का, हे तपासायला हवे.